गुरांच्या लसीचा शोध : पित्तापासून गणितापर्यंत

आपल्याकडे इतिहास म्हटला की लढाया, तह आणि तख्ते डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्या बैलांनी तोफा ओढल्या, ज्यांच्या खांद्यांवर नांगर आणि मोटा चालल्या, त्यांच्या मरणाचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. वस्तुतः गोठा रिकामा झाला की शेत पडीक पडते, शेत पडीक पडले की सारा थकतो, आणि सारा थकला की राज्याचा पाया हलतो. तेव्हा गुरांच्या साथी हा इतिहासाच्या कडेचा विषय नसून त्याच्या पोटातला विषय आहे. येथे आम्ही त्यातला एकच धागा हाती घेणार आहोत. गुरांच्या विषाणुजन्य रोगांवर लस शोधताना माणसाने कोणकोणत्या वाटा चोखाळल्या, आणि आज जी वाट संगणकातून जाते असे सांगतात ती खरोखर कोठवर पोचते, हा तो धागा होय.

लस म्हणजे शत्रूची आगाऊ ओळख. गावच्या जागल्याला चोराचा चेहरा आधी दाखवून ठेवावा, म्हणजे चोर खरोखर आला की त्याला ओळखण्यात वेळ जात नाही. परंतु येथे लगेच एक प्रश्न उभा राहतो. जागल्याला दाखवण्यासाठी जिवंत चोरच गावात आणावा काय? की हातपाय बांधून आणावा? की त्याचा केवळ मुडदा दाखवावा? की चेहऱ्यावरची एखादी खूण, एखादा व्रण सांगितला तरी पुरे? लसीचा सारा इतिहास या चार प्रश्नांच्या क्रमाने पुढे सरकला आहे. संगणकाचे काम चौथ्या प्रश्नात येते. पण पहिले तीन समजून घेतल्यावाचून चौथ्याचे मोल कळणार नाही.

बुळकांडी

ज्या रोगाला आपले शेतकरी बुळकांडी म्हणत, त्याने युरोपात अठराव्या शतकात गावेच्या गावे ओस पाडली. १७११ साली पादुआच्या परिसरात हा रोग उतरला, तेव्हा रामाझ्झिनी या वैद्याने त्याचे वर्णन लिहून ठेवले. पोप अकरावे क्लेमेंट यांचे वैद्य लान्चिसी यांनी बाधित गुरे मारून पुरावीत, गुरांची ने-आण बंद करावी, असा कठोर उपाय सुचवला. १७६१ साली फ्रान्समध्ये लियों येथे क्लोद बूर्जला यांच्या पशुवैद्यक शाळेला राजाची मंजुरी मिळाली, त्यामागेही या रोगाची धास्ती होती. म्हणजे युरोपातील पशुवैद्यक विद्येचा जन्मच मुळी बुळकांडीच्या भयातून झाला, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

हिंदुस्थानात या रोगाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८६ साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यातील विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीत ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातील पहिली मोठी संस्था पुण्यात जन्मली, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात नसेल. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. परंतु भयंकर संसर्गाचे प्रयोग भरवस्तीजवळ करणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर नेण्यात आली. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हीच तिची पुढची पिढी.

त्याच सुमारास बुळकांडी आफ्रिकेत शिरली होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती इथिओपियाच्या बाजूला उतरली आणि १८९६–९७ पर्यंत खंडाच्या दक्षिण टोकाकडे पोचली. पशुपालक जमातींची गुरे बहुसंख्येने मेली. इथिओपियात महादुष्काळ पडला. दक्षिण आफ्रिकेतील सरकारने रोबर्ट कॉख यांना पाचारण केले. किंबर्ले येथे प्रयोग करून १८९७ साली कॉख यांनी सांगितले की, बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी गुराला टोचले तर त्याला संरक्षण मिळते. तेथूनच ते प्लेगच्या चौकशीसाठी मुंबईला आले, आणि त्या प्रवासात मुक्तेश्वरलाही जाऊन आले. पित्तात नेमके काय आहे हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते. रोगाचे कारण जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाते, हे निकोल आणि आदिल बे यांनी कॉन्स्टँटिनोपल येथे १९०२ मध्ये दाखवले. म्हणजे शत्रू दिसण्यापूर्वीच त्याच्याशी लढण्याची रीत सापडली होती.

पुढची पायरी हातपाय बांधलेल्या चोराची. १९२० च्या दशकात मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, दुसरीतून तिसरीत असा पुनःपुन्हा नेला. शेळीच्या अंगात रुळता रुळता तो गुरांच्या बाबतीत सौम्य झाला. या लसीने या देशात मोठे काम केले. मात्र काही नाजूक जातींच्या जनावरांना ती सोसत नसे. मग १९६० साली केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट व त्यांचे सहकारी फेरिस यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत विषाणू वारंवार वाढवून अशी लस तयार केली की, ती सर्व जातींच्या गुरांना सोसली आणि एकदा टोचली की पुरली. नंतर तिचा उष्णतेत टिकणारा प्रकार निघाला. बर्फाच्या पेटीवाचून तो महिनाभर राही, म्हणून वाळवंटातील उंटवाटांवरही लस पोचली.

भारताने १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशातील शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये आढळला. जगातील शेवटची लागण २००१ मध्ये केनियात दिसली, आणि २०११ साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. आमच्या विषयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, हा विजय मिळवताना संगणकाने लसीचा एकही तुकडा सुचवला नव्हता. अनुभव, चिकाटी, एक उत्तम लस आणि गावोगाव फिरणारे टोचणारे हात, एवढ्यावर काम भागले.

एका लसीने न भागणारा रोग

मग गणिताची गरजच काय, अशी शंका येथे कोणीही घेईल. तिचे उत्तर दुसऱ्या रोगात आहे. लाळ-खुरकूत हा रोग आपल्या गोठ्यांना नवा नाही. तोंडात फोड, लाळेच्या तारा, खुरांत जखमा, बैल लंगडतो, गाय आटते. थोराड जनावर सहसा मरत नाही, पण धन्याच्या उपयोगाचे राहत नाही. वासरे मात्र दगावतात. १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रोश यांनी या रोगाचे कारण गाळणीतून पार जाते असे सिद्ध केले. प्राण्यांच्या रोगाचा विषाणू म्हणून ओळखला गेलेला हा पहिलाच.

बुळकांडीचा विषाणू थोडाफार बदलला तरी एकच लस त्याच्या सर्व भावंडांना पुरत असे. लाळ-खुरकुताचे तसे नाही. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये वाले आणि कारे यांनी त्याचे दोन प्रकार दाखवले. वाझ या फ्रेंच जिल्ह्याच्या आद्याक्षरावरून एकाला ‘ओ’ आणि जर्मनीच्या फ्रेंच नावावरून दुसऱ्याला ‘ए’ म्हणू लागले. १९२६ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘सी’ सांगितला. पुढे आफ्रिकेतील तीन आणि ‘एशिया-१’ मिळून एकूण सात प्रकार झाले. एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही. इतकेच नव्हे तर एकाच प्रकारातही इतके उपप्रकार निघतात की जुनी लस काही वर्षांनी बोथट होते. आपल्या देशात ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ यांचा वावर आहे. ‘सी’ १९९५ नंतर येथे आढळलेला नाही.

या रोगात लसीसाठी मेलेला चोर वापरला गेला. १९३८ मध्ये वाल्डमन यांनी जर्मनीत रोगी गुरांच्या जिभेच्या फोडांतला विषाणू रसायनाने मारून लस केली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंकेल या डच शास्त्रज्ञाने खाटीकखान्यातील निरोगी गुरांच्या जिभेची साल पात्रांत जिवंत ठेवून तिच्यावर विषाणू वाढवला. १९६२ पासून हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरात आल्या आणि लस कारखान्यात मोठ्या प्रमाणावर होऊ लागली.

परंतु विषाणू मारण्यापूर्वी तो जिवंत वाढवावा लागतो, आणि तो कोट्यवधी मात्रांपुरता वाढवावा लागतो. त्यातला थेंब बाहेर गेला तर? ही कल्पनेतली भीती नव्हे. २००७ साली इंग्लंडमध्ये पिरब्राइट येथील संशोधन व लसनिर्मितीच्या आवारातून नादुरुस्त सांडपाण्याच्या नळांवाटे विषाणू सुटला आणि आसपासच्या गुरांना लागण झाली, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्याच देशात २००१ च्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली होती. त्याची आठवण ताजी होती. तेव्हा जिवंत विषाणूला हात न लावता लस करता येईल काय, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा राहिला नाही.

एका तुकड्याची आशा

चोराची नुसती खूण दाखवून भागेल, या आशेची सुरुवात त्याआधीच झाली होती. लाळ-खुरकुताच्या विषाणूचे कवच चार प्रथिनांचे असते आणि प्रत्येकाच्या साठ प्रती त्यात रचलेल्या असतात. १९८१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्यातले एक प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतले आणि ते टोचलेल्या गुरांना व डुकरांना संरक्षण मिळाल्याचे जाहीर केले. जनुकतंत्राने केलेल्या लसींच्या इतिहासात हे पाऊल फार आरंभीचे आहे. १९८२ साली बिटल, ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून पुढे जाऊन त्या प्रथिनातला वीसएक अमिनो आम्लांचा तुकडा प्रयोगशाळेत रसायनांपासून जुळवला. गिनिपिगांना तो पुरेसा ठरला. १९८६ मध्ये असाच जोडतुकडा गुरांनाही उपयोगी पडल्याचे प्रसिद्ध झाले.

हा तुकडा निवडायचा कसा? येथे गणित प्रथम आत आले. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. काही मणी पाण्याला जवळ करतात, काही त्याच्यापासून दूर आत दडतात. १९८१ मध्ये हॉप आणि वुड्स यांनी प्रत्येक मण्याला अंक दिला आणि सहा-सहा मण्यांची सरासरी काढत माळेवरून पुढे सरकत जाण्याची रीत सांगितली. जेथे सरासरी सर्वांत चढते, तो भाग बाहेर पाण्याकडे तोंड करून असण्याचा संभव अधिक, आणि म्हणून शरीराच्या प्रतिपिंडांना तोच सापडण्याचा संभवही अधिक. रीत साधी, हिशोब शाळकरी मुलालाही करता येईल असा. तरी तिच्यामागची कल्पना मोठी होती: जनावराला सुई न टोचता केवळ अक्षरांची माळ वाचून खुणेची जागा सांगता येईल.

१९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या विषाणूची त्रिमितीय रचना उघड केली. रसायनांनी जुळवलेला तो तुकडा विषाणूच्या अंगावर नेमका बाहेर आलेल्या एका लवचीक वळशात आहे असे दिसले. आशा आणखी वाढली.

आणि मग १९९७ साल उजाडले. अर्जेंटिना आणि स्पेनमधील संशोधकांनी शंभराहून अधिक गुरांवर केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. वेगवेगळे तुकडे टोचून पाहिले; कोणत्याही तुकड्याने शंभरांतील चाळीसांपेक्षा अधिक गुरे वाचवली नाहीत. इतकेच नव्हे, तर ज्या गुरांना लस घेऊनही रोग झाला, त्यांतल्या काहींमधून निघालेल्या विषाणूने नेमकी ती खूणच बदललेली होती. जागल्याला सांगितले होते की चोराच्या गालावर व्रण आहे. चोराने गालावर पट्टी लावली आणि तो वेशीतून आत आला.

या निकालाची चर्चा आम्हांस यशाच्या कहाण्यांपेक्षा मोलाची वाटते. त्यातून तीन गोष्टी कळल्या. एक, खूण एकच असून चालत नाही. दोन, प्रतिपिंडांना जी खूण लागते ती बहुधा सलग तुकड्यात नसते. माळेवर दूर दूर असलेले मणी घडी पडल्यावर शेजारी येतात आणि त्यांची मिळून खूण बनते. माळ सरळ वाचणाऱ्या हिशोबाला ही घडी दिसत नाही. आणि तीन, प्रतिपिंडे हा शरीराच्या संरक्षणाचा एक भाग झाला. दुसरा भाग पेशींचा आहे, आणि त्याचे नियम निराळे आहेत.

‘बोला’

पेशी आपल्या आत बनलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते पृष्ठभागावर एका खोबणीत मांडून ठेवतात. गस्तीच्या पेशी फिरत फिरत हे तुकडे तपासतात. परका तुकडा दिसला की ती पेशी शत्रूच्या ताब्यात गेली असे समजून तिचा नाश करतात. हे तपासणे खोबणी आणि तुकडा या जोडीचे असते, हा डोहर्टी आणि झिंकरनागेल यांचा १९७० च्या दशकातील शोध. त्याला १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ मध्ये माणसातील खोबणीचा प्रत्यक्ष आकार दिसला. १९९१ मध्ये ट्यूबिंगेन येथे राम्मेन्से आणि सहकाऱ्यांनी खोबणीत बसलेले तुकडे बाहेर काढून वाचले आणि दाखवले की, प्रत्येक जातीच्या खोबणीची आवड ठरलेली असते: ठरावीक जागी ठरावीक मणीच तिला चालतो.

गुरांत या खोबणीच्या प्रथिनांना इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बोला’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव गमतीचे वाटेल. पण अर्थ चांगला जुळतो, कारण आत काय चालले आहे ते पेशी या प्रथिनांवाटेच बाहेर बोलते. अडचण एवढीच की, प्रत्येक गाय एकाच भाषेत बोलत नाही. ‘बोला’चे असंख्य भेद आहेत. एका गाईच्या खोबणीत घट्ट बसणारा तुकडा दुसरीच्या खोबणीत टिकेलच असे नाही. १९९७ च्या चाचणीत काही गुरे वाचली आणि काही वाचली नाहीत, त्याच्या कारणांत हा भेदही मोडत असावा, असे मानायला जागा आहे.

येथे संगणक खऱ्या अर्थाने कामास येतो. हिशोब करून पाहू. लाळ-खुरकुताच्या विषाणूची सारी प्रथिने सुमारे २,३०० मण्यांच्या एका लांब माळेतून कापली जातात. एकेक मणी पुढे सरकत नऊ-नऊ मण्यांचे तुकडे पाडले तर तेही जवळजवळ तितकेच निघतात. खोबण्यांचे केवळ वीस भेद घेतले, तरी तपासायच्या जोड्या ४६,००० होतात. प्रयोगशाळेत एकेक जोडी तपासत बसले तर माणसाची उमेद संपेल. संगणकाला मात्र आधी तपासलेल्या जोड्यांची उदाहरणे देतात. कोणता तुकडा बसला, कोणता बसला नाही, हे पाहून तो नियम बसवतो आणि न तपासलेल्या जोड्यांना गुण देतो. डेन्मार्कमध्ये माणसाच्या खोबण्यांसाठी विकसित झालेली ही रीत मॉर्टन नील्सन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘बोला’साठी सुधारून प्रसिद्ध केली. गुरांच्या पेशींवरून प्रत्यक्ष काढलेले तुकडे वाचून त्यांनी संगणकाला शिकवले होते.

म्हणजे संगणक हा चाळणी आहे. सुपातल्या धान्यातून खडे वेगळे करावेत तसे तो ४६,००० जोड्यांतून शेपन्नास काढून देतो. परंतु चाळणी धान्य पिकवत नाही. उरलेल्या शेपन्नास जोड्या पेशींवर पारखाव्या लागतात, आणि शेवटी गाईवरच पारखाव्या लागतात.

गणिताचे दुसरे, आणि आमच्या मते अधिक भरीव, फळ वेगळ्याच दिशेने आले. तुकड्याऐवजी विषाणूचे संपूर्ण पण रिकामे कवच दाखवावे, आत जनुके नसावीत, म्हणजे रोग होण्याची भीती नाही आणि घडीत बनलेल्या खुणाही शाबूत, अशी ही कल्पना. पण रिकामे कवच थोड्या उष्णतेने वा आम्लाने मोडते. २०१३ मध्ये स्टुअर्ट, पिरब्राइटचे ब्रायन चार्लस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचाच्या सांध्यावरील एक मणी बदलून सांधा पक्का केला. ही लस दिलेली गुरे काही महिन्यांनंतर विषाणूशी गाठ घातली असताही बचावली. पुढे २०१५ मध्ये कोणता मणी बदलला असता सांध्याची पकड किती वाढेल, याचा हिशोब संगणकावर आधी करून त्याप्रमाणे कवचे बनवण्यात आली, आणि ती अधिक टिकाऊ निघाली. गणिताने येथे चोराची खूण शोधली नाही. त्याचा पुतळा उन्हात वितळू नये एवढी व्यवस्था केली. पण गावोगाव लस नेताना हीच व्यवस्था निर्णायक असते, हे बुळकांडीच्या इतिहासाने आपल्याला आधीच शिकवले आहे.

लंपीचे साल

महाराष्ट्राला हा प्रश्न किती जवळचा आहे ते २०२२ साली दिसले. लंपी चर्मरोग १९२९ मध्ये आजच्या झांबियात प्रथम नोंदला गेला. भारतात तो २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२२ मध्ये गुजरात-राजस्थानातून फैलावत आला. आपल्याकडे त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात त्याची नोंद झाली. पुढे गुरांचे आठवडी बाजार बंद झाले, आणि अंगभर गाठी आलेली जनावरे गावोगाव दिसू लागली. त्या वेळी हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून तीच गुरांना टोचण्यात आली. त्याच ऑगस्टमध्ये हिसार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी मिळून तयार केलेल्या खास लंपीच्या लसीची घोषणा झाली. रांची येथे २०१९ मध्ये मिळवलेला विषाणू पेशींत वारंवार वाढवून सौम्य केला होता. एडवर्ड्स आणि प्लोराइट यांचीच ती जुनी वाट.

संगणकाने सुचवलेल्या लंपीच्या लसींचे आराखडे या काळात नियतकालिकांतून पुष्कळ प्रसिद्ध झाले. हा विषाणू मोठा. लाळ-खुरकुताची जनुकलिपी सुमारे ८,४०० अक्षरांची, तर याची सुमारे १,५१,००० अक्षरांची आणि दीडशेहून अधिक जनुकांची. चाळणीला येथे काम भरपूर. परंतु कागदावरचा आराखडा आणि गोठ्यातली लस यांत जे अंतर आहे ते या आराखड्यांपैकी फार थोड्यांनी ओलांडले आहे. साथ दाराशी आली तेव्हा उपयोगी पडली ती अनुभवाची लस. याचा अर्थ गणित फोल आहे असा कोणी काढू नये. त्याचा अर्थ इतकाच की, ते अजून पारखले जायचे आहे, आणि पारखण्याचा खर्च व कष्ट कोणीतरी उचलले पाहिजेत.

आमची गाय काय बोलते?

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा सारा इतिहास सांगितला. संगणक जे शिकतो ते उदाहरणांवरून शिकतो. ‘बोला’ची आजवर तपासलेली उदाहरणे बहुतांशी युरोप-अमेरिकेतील दुभत्या जातींची, त्यातही होल्स्टीन-फ्रिजियन गाईंची आहेत. गाईची पहिली संपूर्ण जनुकलिपी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली तीही हेरफर्ड जातीच्या एका विलायती गाईचीच. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या आपल्या वशिंडाच्या गुरांचे घराणे लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेले आहे. त्यांच्या खोबण्या कोणत्या तुकड्यांना धरतात याची माहिती त्या मानाने तुटपुंजी आहे. म्हशीची तर आणखी कमी. जे उदाहरण दाखवलेच नाही, त्याचा नियम संगणक अंदाजाने बसवतो. अंदाज बरोबर निघेलही. पण एडवर्ड्सची लस काही जातींना सोसली आणि काहींना सोसली नाही, हे विसरून चालणार नाही.

२०१९ च्या पशुगणनेत भारतात १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने लाळ-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. एवढा खर्च ज्या लसीवर होतो, ती लस आपल्या गुरांच्या अंगी लागते की नाही हे जाणून घेण्याची विद्याही आपल्याकडे असली पाहिजे. त्यासाठी फार मोठ्या यंत्रांची गरज नाही. संगणकाची ही साधने बहुतेक संशोधकांना विनामूल्य वापरता येतात. गरज आहे ती प्रत्येक देशी जातीच्या काही शे जनावरांचे रक्त घेऊन त्यांचा ‘बोला’ वाचण्याची, आणि संगणकाने निवडलेले तुकडे त्या रक्तातील पेशींवर पारखून बरोबर-चूक दोन्ही निकाल प्रसिद्ध करण्याची. चूक निकालही प्रसिद्ध झाले पाहिजेत, हे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण १९९७ चा तो अपयशाचा अहवाल छापला गेला नसता, तर पुढची पिढी त्याच एका तुकड्यामागे धावत राहिली असती.

जी संस्था पुण्यात १८८९ साली उभी राहिली, तिच्यापुढे शत्रू अदृश्य होता आणि हाती अनुभवावाचून काही नव्हते. आज शत्रूची अक्षरे आपण एकेक करून वाचू शकतो. आपल्या गाईची अक्षरे वाचायची मात्र अजून पुष्कळ शिल्लक आहेत. पशुवैद्यक महाविद्यालये आपल्याकडे आहेत, गोठे आपल्याकडे आहेत, आणि गणित जाणणारी तरुण मुले तर घरोघरी आहेत. या तिघांची गाठ घालून देणे हे काम सरकारचे खरे. पण ते व्हावे असा आग्रह धरणे हे दूध पिणाऱ्या आणि भाकरी खाणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे काम आहे.